नहपानाच्या नाण्यावरचा सातकर्णी

जुन्नरच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. त्या डोंगरातल्या भीमाशंकर गटाच्या लेण्यांत एक छोटा ब्राह्मी लेख आहे. वत्स गोत्राच्या अयम नावाच्या अमात्याने मंडप आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिली, एवढीच त्यात नोंद. अयमचा स्वामी होता राजा महाक्षत्रप नहपान आणि वर्ष होते ४६. नहपानाच्या काळातला, वर्ष घातलेला हा आजवर मिळालेला शेवटचा लेख. यानंतर थोड्याच काळात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे क्षहरात हे शक घराणे संपवले. राजा गेला, घराणे गेले. अयमचे दान मात्र कोणी फोडले नाही, लेखातले नहपानाचे नावही कोणी खरवडले नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासाकडे पाहण्याची आमची दृष्टी या लेखापाशी तयार झाली. जेत्याच्या खुणा शोधायच्या म्हटले की आपण विजयस्तंभ, नवी राजधानी, त्याच्या नावाचे शहर असे काही शोधतो. अलेक्झांडरने जिंकलेल्या मुलखात आपल्या नावाची शहरे वसवली आणि इजिप्तमधले अलेक्झांड्रिया आजही ते नाव मिरवते. गौतमीपुत्राच्या नावाचे एकही शहर महाराष्ट्रात नाही. जुन्नरच्या आजवर वाचल्या गेलेल्या लेखांत त्याचे नावसुद्धा नाही. असे असूनही या मुलखाच्या वाटा, बाजार, दानाची रीत आणि कालगणना यांच्यावर त्याच्या विजयाची छाया आहे. ती इतकी दीर्घ पडली, कारण त्याने हरलेल्याचे चालते काम मोडले नाही, ते आपल्या नावाने पुढे चालवले. या संग्रहातले लेख वेगवेगळ्या विषयांवर असले तरी हा धागा त्या सर्वांत आहे.

विषयाशी नव्याने ओळख होणाऱ्या वाचकाचा सुरुवातीलाच एक घोटाळा होतो. सातवाहनांत सातकर्णी एक नाही, अनेक आहेत. नाणेघाटातला सातकर्णी हा घराण्याच्या आरंभीच्या पिढ्यांतला. त्याची राणी नागनिका हिच्या नावाने ओळखला जाणारा मोठा लेख घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर कोरलेला आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणांची यादी आहे. समोरच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी यांच्या प्रतिमा होत्या. आता वरची नावे आणि पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. लेखातल्या संख्या हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय. भारतात अंक कसे लिहिले जात होते याचा जो सर्वांत जुना पुरावा आहे, त्यात नाणेघाटाचे स्थान फार वरचे आहे, आणि हे अंक गणिताच्या पोथीत नाहीत, दानाच्या हिशेबात आहेत.

दुसरा सातकर्णी तो गौतमीपुत्र. याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे त्याच्या आईने सांगितले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या वर्षी, गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाची प्रशस्ती कोरवून घेतली. असिक, अश्मक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती हे त्याचे प्रदेश, तीन समुद्रांचे पाणी प्यालेली त्याची वाहने, शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने केलेला नाश, क्षहरात वंशाचे निर्मूलन आणि सातवाहन कुळाच्या यशाची पुन्हा केलेली स्थापना हे सारे त्यात आहे. सातवाहनांचे दोन सर्वांत मोठे लेख, नाणेघाटाचा आणि नाशिकचा, दोन स्त्रियांशी जोडलेले आहेत ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. आम्हाला ती मध्यवर्ती वाटते. जेत्याची कीर्ती कोणी घडवली, हे सांगितल्याशिवाय जेत्याचा इतिहास पुरा होत नाही.

प्रशस्तीत अतिशयोक्ती असणार, हे उघड आहे. पण तिच्यातला क्षहरातांचा पराभव हा शब्दांवर विसंबून मान्य करावा लागत नाही, तो चांदीवर उमटलेला आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. त्यावर सातवाहनांचा कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकले गेले. नाणी वितळवून नवी पाडता आली असती, तसे केले नाही. त्यामुळे कित्येक नाण्यांवर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक, हनुवटी, एखादे ग्रीक अक्षर डोकावत राहते.

या नाण्यांचा एक अर्थ सरळ आहे: सत्ता बदलली, हे सर्वांना कळावे. दुसरा अर्थ बाजारातून पाहिला की दिसतो. कल्याणहून माल घेऊन घाट चढणाऱ्या व्यापाऱ्याला ओळखीच्या वजनाची, ओळखीच्या कसाची चांदी हवी होती आणि नव्या राजाने ती तशीच राहू दिली. पुढे पुळुमावीने स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली. चेहऱ्याच्या नाण्याची ही रीत पराभूत क्षत्रपांची. जिंकणाऱ्याने हरणाऱ्यावर छाप मारला आणि हरणाऱ्याची रीत जिंकणाऱ्याच्या टांकसाळीत शिरली. याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची कन्या होती, हे कान्हेरीचा लेख सांगतो. क्षहरात गेले तरी क्षत्रपांचे दुसरे घराणे, कार्दमक, होतेच, आणि वैर सोयरिकीपर्यंत पोहोचले होते.

दानांच्या बाबतीतही हेच घडले. नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंना करजिक गाव दिले होते. मावळ जिंकल्यावर गौतमीपुत्राने आपल्या अमात्याला आज्ञा पाठवली आणि तेच गाव त्याच लेण्यांतल्या भिक्षूंना पुन्हा दिले. नाशिकला त्याच्या १८व्या वर्षीचा लेख आहे. उषवदाताच्या भोगवट्यात असलेले दोनशे निवर्तने शेत त्याने त्रिरश्मीच्या श्रमणांना दिले, आणि ही आज्ञा विजयी सेनेच्या तळावरून निघालेली आहे. लढाईची धूळ बसण्याआधी राजा शेताच्या नोंदी बदलत होता. घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याच्या वर्णनापेक्षा मला हा लेख राजाची जास्त खरी ओळख वाटतो. प्रदेश तलवारीने मिळतो, पण तिथल्या लोकांना आपले दान, आपली ठेव, आपले शेत सुरक्षित आहे याची खात्री पटल्यावरच तो टिकतो, हे त्याला कळले होते.

आता प्रत्यक्ष जुन्नर. शहराभोवती शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. एका शहराभोवती इतकी दाट लेणी भारतात क्वचितच आढळतील. वेरूळ-अजिंठ्यासारखी शिल्पांची रेलचेल इथे नाही, म्हणून हौशी प्रवासी इथून लवकर परततो. पण इथला दगड बोलतो तो लेखांतून आणि त्या लेखांत राजे जवळजवळ नाहीतच. आहेत ती माणसे पहा. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या जात आणि त्यांच्या व्याजातून लेण्यांचा खर्च चाले. म्हणजे बांबू विणणाऱ्या माणसांची पत एवढी होती की देवाधर्माचा पैसा लोक त्यांच्याकडे विश्वासाने ठेवत. आडुथुम नावाच्या उपासकाने, जो काही अभ्यासकांच्या वाचनानुसार शक होता, करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमीन लावून दिली.

आणि यवन. इरिल नावाच्या यवनाने शिवनेरीवर पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने मानमोडीच्या भूतलेण्यात दर्शनी भागाचे दान केले. हे यवन कुठून आले, ते थेट ग्रीक होते की पिढ्यान्पिढ्या इथे रुजलेले, यावर खूप लिहिले गेले आहे. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर वायव्येला उभ्या राहिलेल्या ग्रीक राज्यांची आठवण या शब्दात आहे एवढे नक्की. गौतमीपुत्राच्या प्रशस्तीत यवनांचा नाश केल्याचा डंका आहे आणि त्याच मुलखात यवन भिक्षूंच्या जेवणाची सोय करत आहेत. प्रशस्ती युद्धाबद्दल बोलते, जुन्नरचे लेख शेजारधर्माबद्दल. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.

हे वैभव आले घाटामुळे. जुन्नरहून पश्चिमेला घाटघर, तिथून नाणेघाट उतरला की मुरबाडचा मुलूख आणि पुढे कल्याण, सोपारा ही बंदरे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ सांगते की कल्याण हे पूर्वी खुले बंदर होते, पण नंतर तिथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. भडोच क्षत्रपांचे. बंदर अडले की घाट ओस पडतो आणि घाट ओस पडला की जुन्नरच्या पेठेतला तराजू थांबतो. नहपान आणि गौतमीपुत्र यांचे युद्ध दोन घराण्यांच्या मानापमानाचे होते तसेच ते घाटाच्या जकातीचेही होते. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण लोक आजही जकातीचा म्हणूनच दाखवतात. पुढे वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या १३व्या वर्षी दामघोष नावाच्या गृहस्थाने या घाटात पाण्याची पोढी खोदवली. वाट पुन्हा वाहती होती, हे त्यावरून कळते.

आंबेगावची गोष्ट अशी लेखांनी भरलेली नाही. घोडनदीचे खोरे, वर भीमाशंकरचे जंगल, आहुप्याचा घाट, खाली कोकण. जुन्नरच्या मोठ्या रस्त्याला समांतर अशी ही लहान वाट. हिरडा, मध, घोंगड्या, धान्य यांची ने-आण करणाऱ्या माणसांना ताम्रपट मिळाले नाहीत, लेण्यात नावही मिळाले नाही. महादेव कोळी समाजाला घाटांची जी माहिती आहे, कोणती वाट पावसात चालते, कुठे पाणी बारा महिने असते, ती कोणत्याही दफ्तरात नाही. डिंभे धरणात मूळ आंबेगाव गावच बुडाले. तालुक्याला नाव देणारे गाव पाण्याखाली आहे आणि कचेरी घोडेगावला. जुन्नरच्या इतिहासाचे पुस्तक काढताना आंबेगाव सोबत घ्यायचे, हा आमचा आग्रह यासाठीच. राजमार्गाचा इतिहास लिहिला गेला, पायवाटेचा राहिला.

या विषयाच्या अभ्यासाची परंपरा दोन शतकांची आहे. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाणेघाटाच्या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी डोंगर चढून ठसे घेतले आणि बर्जेससोबत पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. रा. गो. भांडारकरांनी १८८४च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात सातवाहनांना सलग कथेत बसवले. पुढे रॅप्सनने नाण्यांची सूची केली आणि वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचे लेख मराठीत आणले. मराठी वाचकावर त्यांचे हे ऋण मोठे आहे. स. आ. जोगळेकरांनी हालाची ‘गाथासप्तशती’ मराठीत उभी केली. राजाने जिंकलेल्या मुलखात शेतकरीण, नांगऱ्या, गोदातीर आणि पावसाळा कसे जगत होते, हे त्या प्राकृत गाथांमुळे कळते. दामोदर कोसंबींनी प्रश्नच बदलला. राजांच्या वंशावळीपेक्षा घाट, विहार, श्रेणी आणि उत्पादन यांचा संबंध काय, असे ते विचारू लागले आणि त्यासाठी पुण्याभोवतालचे डोंगर पायी तुडवले. हिमांशु प्रभा राय यांचा विहार आणि श्रेणी यांवरचा अभ्यास त्याच दिशेने पुढे गेला. एस. नागराजूंनी लेण्यांच्या घडणीवरून काळाचे थर लावले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजने जुन्नरच्या मातीतच उत्खनन केले.

या साऱ्यांत एक भांडण अजून मिटलेले नाही आणि त्याचे मूळ मानमोडीत आहे. अयमच्या लेखातले ४६ हे वर्ष कोणत्या गणनेचे? ते शक संवताचे धरले तर इसवी सन १२४ येते आणि गौतमीपुत्राचा विजय त्यानंतरचा ठरतो. भांडारकरांपासून अनेकांनी असेच मानले. पण ‘पेरिप्लस’मध्ये ज्या राजाचा उल्लेख आहे तो नहपानच असेल तर तो पहिल्या शतकातला ठरतो आणि ४६ हे त्याच्या स्वतःच्या राज्याचे वर्ष होते. नाण्यांवर काम करणाऱ्या अलीकडच्या अभ्यासकांचा कल या दुसऱ्या मताकडे आहे आणि मलाही तेच अधिक पटते. या संग्रहातल्या लेखांत दोन्ही बाजू येतात. वाचकाने यातून एवढे घ्यावे की पन्नास वर्षांच्या अंतराचा हा वाद जुन्नरच्या एका भिंतीवरच्या आकड्यावर उभा आहे, आणि ती भिंत उघड्यावर आहे.

कालगणनेचा मुद्दा आपल्या घरापर्यंत येतो. पंचांगात, लग्नपत्रिकेत, संकल्पात आपण शालिवाहन शक म्हणतो. इसवी सन ७८ मध्ये सुरू होणारी ही गणना प्रत्यक्षात वापरात ठेवली ती पश्चिमी क्षत्रपांनी, म्हणजे शकांनी. शालिवाहनाचे, म्हणजे लोकस्मृतीतल्या सातवाहनाचे, नाव तिला कित्येक शतकांनी चिकटले. पैठणला मातीचे सैनिक करून त्यांत प्राण फुंकणाऱ्या, शकांना हरवणाऱ्या शालिवाहनाची कथा पाडव्याला आजही सांगितली जाते. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी हीच गणना स्वीकारली. नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीचा डोंगर ठोकला गेला, तसेच इथे लोकांनी केले: वर्षे शकांची, नाव शालिवाहनाचे. राजाज्ञेने हे घडले नाही, स्मृतीने घडवले. म्हणून ते टिकले.

पुढच्या काळात जुन्नर पुन्हा पुन्हा महत्त्वाचे झाले, कारण घाट तिथेच होता. बहमनी काळात रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने इथे पावसाळा काढला आणि इथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावल्याचे लिहून ठेवले. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती जुन्नरच्या बळावर. शिवनेरीच्या ज्या कड्यांत इरिल यवनाच्या पोढ्या आहेत, त्याच गडावर शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेला शिवाजीराजांचा जन्म झाला. पुढे १६७४ मध्ये त्यांनी स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गिरिजात्मज बसला आणि शेजारचे चैत्यगृह तसेच राहिले. या सर्वांना सातवाहनांचा वारसा म्हणणे ताणून धरल्यासारखे होईल. पण सातवाहनांच्या काळात पक्का झालेला हा बंदर, घाट, पेठ आणि डोंगर यांचा मेळ नंतरच्या प्रत्येक सत्तेने वापरला, हे नाकारता येत नाही.

हे पुस्तक आता का? एक कारण असे की जेत्यांविषयी आपण हल्ली फार मोठ्याने बोलतो. कोण आपला, कोण परका, कोणी कोणाला कसे नामशेष केले, याच्या कथा लोकांना लवकर भिडतात. गौतमीपुत्राच्या प्रशस्तीतले निर्मूलन तेवढे उचलले तर अशी कथा तयार होते. तिच्यात कार्ल्याचे गाव, जोगळटेंभीची चांदी, आडुथुमची झाडे बसत नाहीत. ती बसवून वाचावे, यासाठी हा खटाटोप. दुसरे कारण तातडीचे आहे. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी नाणेघाटात जी गर्दी लोटते, तिच्यातल्या कितीजणांना आपण कोणत्या भिंतीला टेकलो आहोत हे कळते? दोन हजार वर्षे टिकलेली अक्षरे नावे कोरणाऱ्या हातांपुढे टिकणार नाहीत. शहर वाढते आहे, पायाच्या चरांत विटा, खापरे, मणी निघतात आणि ट्रॉलीतून भरावाला जातात.

या संग्रहात लेखांचे वाचन आहे, नाणी आहेत, लेण्यांची घडण आहे, घाटांची पाहणी आहे आणि आंबेगावच्या वाड्यावस्त्यांतल्या ज्येष्ठांकडून ऐकलेल्या वाटांची नोंद आहे. सातवाहनांचा समग्र इतिहास हा नाही. राजांच्या वंशावळीत आम्ही मुद्दाम अडकलो नाही. लिहिणाऱ्यांची मते एकमेकांशी सगळीकडे जुळत नाहीत. ती जुळवून घेण्याचा प्रयत्न केला नाही, कारण जिथे पुरावा अपुरा आहे तिथे मतभेद दिसणे हेच प्रामाणिक. लिपी न येणाऱ्या वाचकालाही लेख समजावेत अशी मांडणी ठेवली आहे. शक्य तर पुस्तक घेऊन त्या त्या जागी जावे आणि ओळ न् ओळ दगडाशी ताडून पाहावी.

जुन्नर, आंबेगावच्या वाचकांना एक विनंती. शेत नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया घेताना जुने नाणे, कोरलेला दगड, विटांची भिंत किंवा खापरांचा थर लागला तर तो हलवू नका, विकू नका, धुऊन लख्ख करू नका. जागेचे छायाचित्र घ्या, खोली मोजून ठेवा, तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा आणि गावातल्या शाळेच्या मुलांना ते दाखवा. लेण्यांत हात लावून अक्षरे चाचपू नका, खडू-चुना फासून ती ठळक करू नका. सकाळची तिरपी उन्हे भिंतीवर आली की ती तशीच वाचता येतात.